मज्जातंतूंच्या आजारात प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे कशी घ्यावीत: ठाणे-नवी मुंबईतील रुग्ण आणि कुटुंबीयांसाठी

डॉक्टरांनी चिठ्ठीवर प्रेडनिसोलोन (हे एक स्टेरॉईड), ॲझाथायोप्रिन किंवा टॅक्रोलिमस लिहून दिले की घरात बहुधा दोन प्रकारचे बोलणे सुरू होते. एक जण म्हणतो, "स्टेरॉईड नकोच, हाडे पोखरतात." दुसऱ्याला वाटते की आता गेलेली नस पुन्हा जिवंत होणार आणि महिनाभरात माणूस पूर्वीसारखा चालू लागणार. ठाण्यात औषधविक्रेता म्हणून काम करताना या दोन्ही समजुतींमुळे रुग्णांचे नुकसान झालेले मी पाहिले आहे. पहिल्या समजुतीमुळे औषध उशिरा सुरू होते किंवा मध्येच सोडले जाते, आणि दुसरीमुळे अपेक्षाभंग होऊन पुन्हा तेच घडते. म्हणून ही औषधे नेमके काय करतात, सुरू करण्याआधी काय पाहावे, घरी कशी सांभाळावीत आणि गुण येतो आहे की नाही हे कसे ओळखावे, ते येथे सविस्तर लिहीत आहे. औषध कोणते आणि किती, हे ठरवणे मज्जाविकारतज्ज्ञांचे काम आहे. ते ठरल्यानंतरची जबाबदारी मात्र बरीचशी घरच्यांवर येते.

आधी निदान नीट विचारून घ्यावे

प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे नसांच्या सर्वच आजारांवरची औषधे नाहीत. शरीराची स्वतःचीच प्रतिकारयंत्रणा जेव्हा मज्जातंतूंवर किंवा त्यांच्याभोवतीच्या मायलिन नावाच्या आवरणावर हल्ला करते, तेव्हाच त्यांचा उपयोग होतो. त्यामुळे डॉक्टरांना पहिला प्रश्न हा विचारावा: "ही इजा प्रतिकारशक्तीमुळे झाली आहे का, आणि ते कोणत्या तपासणीवरून ठरले?"

मधुमेहामुळे पायांची होणारी आग, ब-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने येणाऱ्या मुंग्या किंवा मनगटात दबलेली नस यांवर ही औषधे चालत नाहीत. उलट मधुमेहाच्या रुग्णाने ओळखीच्या माणसाच्या सांगण्यावरून स्टेरॉईड घेतले तर साखर भडकते आणि नसांचे आणखी नुकसान होते. तुर्भे, महापे, रबाळे या पट्ट्यातील कारखान्यांत यंत्रात हात सापडून नस तुटली, तर तिला गोळी नव्हे, शस्त्रक्रिया लागते. तीही नसा जोडण्याचा अनुभव असलेल्या सर्जनकडून आणि शक्य तितक्या लवकर.

जिथे ही औषधे खरोखर लागू पडतात, तिथेही सरसकट नियम चालत नाही. गियाँ-बारे अर्थात जीबीएस हा आजार २०२५च्या सुरुवातीला पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात रुग्ण एकदम वाढल्यामुळे घराघरांत माहीत झाला. या आजारात स्टेरॉईडचा फायदा होत नाही. त्यावर इम्युनोग्लोब्युलिनची सलाईन किंवा रक्तातील प्लाझ्मा बदलणे हे दोनच सिद्ध उपाय आहेत, आणि इम्युनोग्लोब्युलिनची रूढ मात्रा वजनाच्या दर किलोमागे रोज ०.४ ग्रॅम अशी ५ दिवस असते. याच आजाराचा जणू दीर्घकाळ चालणारा भाऊ असलेल्या सीआयडीपीमध्ये अशक्तपणा ८ आठवड्यांपेक्षा जास्त काळ वाढत राहतो, आणि तिथे मात्र स्टेरॉईड चांगले काम करते. हाताच्या ठरावीक स्नायूंमध्येच ताकद कमी होणारा आणखी एक प्रकार आहे, त्यात स्टेरॉईडने रुग्ण बिघडूसुद्धा शकतो. शेजारच्या इमारतीतील रुग्णाची चिठ्ठी आपल्याला का चालत नाही, याचे याहून स्पष्ट उत्तर नाही.

तोंड अचानक एका बाजूला वाकडे झाले, म्हणजे बेल्स पाल्सी झाली, तर प्रेडनिसोलोन ७२ तासांच्या आत सुरू झाल्यास चेहरा पूर्ववत होण्याची शक्यता स्पष्टपणे वाढते. पण पक्षाघातातही तोंड वाकडे होते, म्हणून हे घरी ठरवू नये. त्याच दिवशी, शक्य तर त्याच तासाला रुग्णालय गाठावे. दृष्टी देणाऱ्या नसेला सूज आली असेल तर बहुधा शिरेतून मोठ्या मात्रेचे स्टेरॉईड देतात. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत, नुसत्या तोंडावाटे घेतलेल्या नेहमीच्या मात्रेच्या गोळ्यांनी सूज पुन्हा येण्याचे प्रमाण वाढलेले आढळले. अशा वेळी "सलाईन कशाला, गोळ्याच द्या" हा आग्रह धरू नये.

कुष्ठरोगाबद्दल थोडे अधिक लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण हा आजार आपल्या भागातून गेला, असा अनेकांचा समज आहे. राष्ट्रीय पातळीवर १०,००० लोकसंख्येमागे एकाहून कमी रुग्ण हे उद्दिष्ट भारताने २००५ साली गाठले हे खरे, परंतु नवे रुग्ण आजही सापडतात. या आजारात जंतूंपेक्षा जंतूंविरुद्ध उठलेली शरीराची प्रतिक्रिया नसेला अधिक लवकर निकामी करते. कोपराजवळची नस दुखू लागते, करंगळी बाजूला नेता येत नाही, चप्पल पायातून नकळत निसटते. ही लक्षणे दिसल्यापासून ६ महिन्यांच्या आत प्रेडनिसोलोन सुरू झाले तर नसेचे काम बऱ्याच रुग्णांमध्ये परत येते. त्यापुढे आशा कमी होत जाते. सुरुवात बहुधा रोज ४० मिलिग्रॅमच्या आसपास होते आणि ती मात्रा कित्येक आठवड्यांत हळूहळू उतरवली जाते. कुष्ठरोगाचे मूळ औषध सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत मिळते आणि ते स्टेरॉईडबरोबर चालूच ठेवायचे असते. लाजेपोटी त्वचेवरचा चट्टा लपवून ठेवणारे तरुण, घरकाम करणाऱ्या बायका, बांधकामावरचे मजूर यांना कुणीतरी वेळेत एवढे सांगितले, तर एक हात वाचतो.

नस पुन्हा वाढते का, आणि औषधाने वाढते का

हातापायांतील नसा पुन्हा वाढू शकतात. त्यांचा वेग साधारण दिवसाला १ मिलिमीटर, म्हणजे महिन्याला सुमारे ३ सेंटिमीटर असतो. मनगटाजवळ इजा झाली असेल तर बोटांच्या टोकापर्यंत पोहोचायला अर्धे वर्ष लागते. इजा मांडीत वरच्या बाजूला असेल तर पावलापर्यंतचा प्रवास दोन वर्षांहून अधिक होतो, आणि नसेविना राहिलेला स्नायू तितका काळ तग धरत नाही. साधारण वर्ष-दीड वर्षात तो कायमचा सुकू लागतो. मेंदू आणि मज्जारज्जूमधील तंतू तर अशा रीतीने जवळजवळ वाढतच नाहीत.

प्रतिकारशक्ती दाबणारे औषध येथे हल्ला थांबवते. आग विझवणारा बंब घर बांधून देत नाही, पण आग विझल्याशिवाय बांधकामही सुरू होत नाही; या औषधांचे काम तेवढेच आणि तितकेच मोलाचे आहे. आवरण खराब झालेले असून आतला तंतू शाबूत असेल, तर हल्ला थांबल्यावर आवरण काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पुन्हा चढते आणि सुधारणा लवकर दिसते. आतला तंतूच तुटला असेल तर वरचा मिलिमीटरचा हिशेब लागू होतो. या दोहोंतील फरक नसांच्या विद्युत चाचणीत, म्हणजे एनसीव्ही-ईएमजीच्या अहवालात बराचसा कळतो. म्हणून तो अहवाल हाती आल्यावर "आवरण खराब आहे की तंतू?" असे डॉक्टरांना जरूर विचारावे. किती वाट पाहायची, हे त्या उत्तरावरून समजते.

काही वेळा टॅक्रोलिमसबद्दल "हे नस वाढवणारे औषध आहे" असे ऐकायला मिळते, आणि त्यामागे खरे संशोधन आहे. १९८४ साली जपानमधील त्सुकुबा येथील मातीतल्या एका जिवाणूपासून हे द्रव्य मिळाले आणि १९९४ साली अमेरिकेत यकृत प्रत्यारोपणासाठी त्याला मान्यता मिळाली. त्याच सुमारास, उंदरांच्या मांडीतील नस चिरडून हे औषध दिल्यावर ती लवकर वाढते असे प्रयोगांत दिसले. पुढे असेही लक्षात आले की प्रतिकारशक्ती दाबण्याचे काम ते पेशीतील एका प्रथिनाला चिकटून करते आणि नस वाढवण्याचे काम बहुधा दुसऱ्याच प्रथिनामार्फत होते. मग प्रतिकारशक्ती न दाबता फक्त नस वाढवणारी द्रव्ये तयार करण्याचे प्रयत्न झाले, परंतु माणसांवरच्या चाचण्यांत त्यांना यश आले नाही. हात प्रत्यारोपणाच्या रुग्णांत, उदाहरणार्थ १९९८ साली फ्रान्समधील लिऑं येथे आणि भारतात २०१५ साली कोची येथे झालेल्या शस्त्रक्रियांनंतर, हे औषध द्यावेच लागते, कारण नाहीतर शरीर परका हात स्वीकारत नाही. प्रत्यारोपित हातांत संवेदना चांगल्या परतल्याच्या नोंदी आहेत, पण त्यात औषधाचा वाटा किती, हे वेगळे काढता येत नाही. तेव्हा तुटलेली नस लवकर वाढावी म्हणून टॅक्रोलिमस घेणे आजच्या घडीला योग्य नाही. याच औषधाने हातांना कंप सुटतो, मूत्रपिंडावर ताण येतो आणि क्वचित मेंदूलाही सूज येते.

दुसरी एक गोष्ट कमी लोकांना ठाऊक असते. नस तुटल्यावर तुटलेल्या भागाचा कचरा साफ करायला प्रतिकारयंत्रणेच्याच भक्षक पेशी धावून येतात, आणि ती सफाई झाल्याखेरीज नव्या तंतूला वाट मिळत नाही. म्हणजे प्रतिकारशक्ती प्रत्येक वेळी नसेची शत्रू नसते. अपघातात मज्जारज्जूला मार लागल्यावर मोठ्या मात्रेचे स्टेरॉईड देण्याची पद्धत १९९० नंतर जगभर रूढ झाली, पण २०१३ साली अमेरिकी मेंदूशल्यविशारदांच्या मार्गदर्शक सूचनांनी ते देऊ नये अशी शिफारस केली. डोक्याला गंभीर मार लागलेल्या सुमारे १०,००० रुग्णांवरच्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २००४ साली आले, स्टेरॉईड दिलेल्या गटात मृत्यू अधिक झाले. घोडबंदर रस्त्यावर किंवा पाम बीचवर अपघात झालेल्या नातेवाइकाला रुग्णालयात नेल्यावर "स्टेरॉईड का दिले नाही?" असा जाब विचारण्याआधी हे लक्षात घ्यावे.

पहिली गोळी घेण्याआधी

तातडीच्या आजारात एक-दोन दिवसांत औषध सुरू करावे लागते; तेव्हा तपासण्या आणि औषध बरोबरीने चालतात. पण दीर्घकाळ चालणारी औषधे सुरू होणार असतील तर काही गोष्टी आधीच पाहून घ्याव्यात. आपल्याकडे यात क्षयरोग सर्वांत महत्त्वाचा आहे. लहानपणी शिरलेले क्षयाचे जंतू वर्षानुवर्षे शरीरात निद्रिस्त असू शकतात, आणि प्रतिकारशक्ती दबली की ते जागे होतात. छातीचा एक्स-रे, मँटू (हातावर सुई टोचून करायची क्षयाची चाचणी) किंवा क्षयासाठीची रक्ततपासणी करून घ्यावी. घरात, चाळीत किंवा कामाच्या ठिकाणी कुणाला टीबी झाला असेल, तर तो किती जुना आहे हे न लपवता सांगावे. हिपॅटायटिस-बीची तपासणी रिटुक्सिमॅब या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाच्या इंजेक्शनाआधी अनिवार्य समजावी, कारण दबून राहिलेली ती कावीळ या औषधाने जिवावर बेतू शकते. हिपॅटायटिस-सी, एचआयव्ही, यकृत, मूत्रपिंड, रक्तपेशींची मोजणी, साखर आणि रक्तदाब यांच्या नोंदी असाव्यात. गावी शेतात अनवाणी काम केलेल्या व्यक्तीला पोटातील एका विशिष्ट जंताचा धोका असतो, त्यासाठी डॉक्टर जंतनाशक देऊ शकतात.

ॲझाथायोप्रिन सुरू होणार असेल तर टीपीएमटी आणि एनयूडीटी-१५ या दोन जनुकीय चाचण्यांबद्दल विचारावे. दुसऱ्या जनुकातील बदल आशियाई लोकांमध्ये तुलनेने जास्त आढळतो, आणि तो असलेल्या माणसाच्या पांढऱ्या पेशी नेहमीच्या मात्रेनेही धोकादायक पातळीपर्यंत उतरतात. चाचणी परवडत नसेल तर थोड्या मात्रेने सुरुवात करून रक्त वारंवार तपासणे हा मार्ग आहे.

लसींचा क्रम आधी लावून घ्यावा. इन्फ्लुएन्झा आणि न्यूमोनिया यांच्या निर्जीव लसी औषधांसोबतही घेता येतात, पण आधी घेतल्यास त्यांचा परिणाम चांगला होतो. रिटुक्सिमॅबच्या बाबतीत तर शक्यतो चार आठवडे आधी. कांजिण्या किंवा गोवर यांसारख्या जिवंत लसी मात्र ही औषधे चालू असताना घेऊ नयेत. तरुण स्त्री रुग्ण असेल तर गर्भधारणेचा विचार डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावा, सासूबाईंसमोर संकोच वाटत असेल तर एकटीने. मायकोफेनोलेट, मेथोट्रेक्सेट आणि सायक्लोफॉस्फामाइड ही तिन्ही औषधे गर्भाला घातक आहेत.

कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, वाशीचे महापालिका रुग्णालय, नेरूळ आणि कामोठे येथील वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये किंवा परळचे केईएम यांपैकी कुठेही जाण्याआधी मज्जाविकारतज्ज्ञांची ओपीडी कोणत्या वारी असते ते विचारून घ्यावे. इम्युनोग्लोब्युलिन अतिशय महाग असते. ते लागणार असेल तर रुग्णालयातील सरकारी योजनेच्या कक्षात आणि समाजसेवा अधीक्षकांकडे त्याच दिवशी चौकशी करावी, बिल झाल्यावर नव्हे.

स्टेरॉईड घेताना

प्रेडनिसोलोन सकाळी नाश्त्यानंतर घ्यावे, कारण संध्याकाळी घेतल्यास झोप उडते. वायसोलोन आणि ओम्नाकॉर्टिल ही एकाच औषधाची दोन नावे आहेत. दुकान बदलल्यामुळे दोन्ही पाकिटे घरात येऊन रुग्ण दुप्पट मात्रा घेत राहिल्याची उदाहरणे घडतात, म्हणून पाकिटावरील घटकाचे नाव आणि मिलिग्रॅम दोन्ही वाचावेत.

मात्रा उतरवण्याचे वेळापत्रक घरात सर्वाधिक गोंधळ घालते. "४० दोन आठवडे, मग ३०, मग २०" हे कागदावर सोपे दिसते, पण घरात ५, १० आणि २० मिलिग्रॅमच्या पट्ट्या एकत्र पडलेल्या असतात. यावर उत्तम उपाय म्हणजे भिंतीवरची दिनदर्शिका. औषध आणले त्याच संध्याकाळी तारखेच्या प्रत्येक चौकटीत त्या दिवशीचे एकूण मिलिग्रॅम आणि त्यासाठी कोणत्या पट्टीतील किती गोळ्या, हे पेनने लिहावे: "३० — २०ची एक, १०ची एक". गोळी घेतली की चौकटीवर रेघ मारावी. पुढची मात्रा सुरू होण्याच्या आदल्या दिवशी जुन्या पट्ट्या वेगळ्या डब्यात ठेवाव्यात. घरातील शिकणारा मुलगा किंवा मुलगी हे काम फार नीट करते.

तीन आठवड्यांपेक्षा जास्त काळ स्टेरॉईड घेतल्यावर ते एका दिवसात कधीही बंद करू नये. शरीराच्या स्वतःच्या ग्रंथी तोवर मंदावलेल्या असतात. औषध अचानक थांबले तर रक्तदाब कोसळणे, उलट्या, गुंगी असे प्राणघातक प्रकार होऊ शकतात. कोकणात गणपतीला जाताना गोळ्या जास्तीच्या घ्याव्यात आणि त्या डिकीत न ठेवता हातातल्या पिशवीत ठेवाव्यात. गोळी घेतल्यावर उलटी झाली, ऑपरेशन ठरले किंवा मोठा ताप आला तर मात्रा वाढवावी लागू शकते, म्हणून त्वरित डॉक्टरांना कळवावे.

साखर तपासताना नुसत्या सकाळच्या उपाशीपोटीच्या आकड्यावर विसंबू नये. सकाळी घेतलेल्या प्रेडनिसोलोनने साखर दुपारी आणि संध्याकाळी वाढते. उपाशीपोटीचा अहवाल ठीक दिसत असतानाच जेवणानंतरचा २५० ओलांडलेला असू शकतो. जेवणानंतर दोन तासांनी तपासावे. तीन महिन्यांहून अधिक काळ औषध चालणार असेल तर कॅल्शियम, ड-जीवनसत्त्व आणि हाडांचे औषध यांबद्दल विचारावे. डोळ्यांची तपासणी वर्षातून एकदा करावी. मीठ, पापड, लोणचे कमी करावे. चेहरा सुजला, वजन वाढले म्हणून आरशासमोर रडू येणे स्वाभाविक आहे. मात्रा उतरली की चेहरा पूर्ववत होतो, हे रुग्णाला पुन्हा पुन्हा सांगावे, विशेषतः तरुण मुलींना.

इतर गोळ्या आणि इंजेक्शने

ॲझाथायोप्रिनचा गुण यायला कित्येक महिने लागतात, कधी वर्षही. तोवरचा भार स्टेरॉईड उचलते. "सहा महिने घेतले, काही फरक नाही" म्हणून नेमक्या त्याच वेळी औषध सोडणारे रुग्ण मी पाहतो, आणि मनापासून वाईट वाटते. पहिल्या महिन्यात दर आठवड्याला, पुढचे दोन महिने पंधरवड्याला आणि नंतर साधारण महिन्याला रक्तपेशी तपासाव्यात. युरिक ॲसिडसाठी ॲलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅट चालू असेल तर ते ॲझाथायोप्रिन लिहिणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगावे. दोन्ही एकत्र घेतल्यास अस्थिमज्जाच बंद पडू शकते.

टॅक्रोलिमस मायस्थेनियासारख्या (स्नायू लवकर थकवणाऱ्या) आजारात काही रुग्णांना दिले जाते, आणि ते सर्वांत काटेकोरपणे घ्यावे लागते. सकाळी आठ आणि रात्री आठ असे बारा तासांचे अंतर ठेवावे, आणि जेवणाशी असलेले नाते रोज एकसारखे ठेवावे. रक्तातील पातळी तपासण्यासाठी रक्त सकाळची गोळी घेण्याआधी द्यायचे असते. लॅबचा माणूस घरी येणार असेल तर तो येऊन जाईपर्यंत गोळी डबीतच राहू द्यावी आणि आदल्या रात्री किती वाजता गोळी घेतली ती वेळ त्याला लिहून द्यावी. गोळी आधी घेतली तर आकडा खोटा वाढलेला येतो आणि मात्रा विनाकारण कमी केली जाते. पपनस आणि ग्रेपफ्रूट ही फळे पूर्ण टाळावीत. श्रावण-भाद्रपदात बाजारात पपनस आले की त्याची एक फोडही खाऊ नये, कारण रक्तातील औषध त्यामुळे वाढू शकते. पोटॅशियम वाढलेले असेल तर नारळपाणीही थांबवावे. आपल्या दमट हवेत नायटा सगळ्यांनाच होतो, आणि त्यासाठी दिलेले फ्लुकोनाझोल किंवा इट्राकोनाझोल, तसेच खोकल्यासाठी दिलेले क्लॅरिथ्रोमायसिन, टॅक्रोलिमसची पातळी एकदम चढवते. रिफॅम्पिसिन आणि फिटची काही औषधे ती खाली आणतात. म्हणून नाक्यावरच्या डॉक्टरांकडे गेल्यावर आजार सांगण्याआधी चालू औषधांची यादी पुढे ठेवावी. जुलाब झाले तरी पातळी वाढते, हेही लक्षात असू द्यावे.

मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. ते रोज घेतल्याने मृत्यू झाले आहेत. वार ठरवावा, तो पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहावा आणि आठवड्याची पट्टी घरातील एकाच माणसाच्या ताब्यात ठेवावी. सायक्लोफॉस्फामाइडच्या दिवशी भरपूर पाणी प्यावे आणि लघवी लाल दिसल्यास लगेच कळवावे. अंगदुखीच्या नेहमीच्या गोळ्या, म्हणजे डायक्लोफिनॅक आणि आयब्युप्रोफेन, या सर्व काळात विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

पावसाळा, ताप आणि बधिर पाय

नस बिघडलेल्या माणसाचा पाय बधिर असतो, त्यामुळे काच रुतली तरी कळत नाही. औषधांमुळे प्रतिकारशक्ती कमी असते. त्यात वंदना टॉकीजजवळ किंवा स्टेशनबाहेर गुडघाभर साचलेल्या पाण्यातून चालावे लागले, तर लेप्टोस्पायरोसिस आणि पायाची चिघळलेली जखम या दोन्हींचा धोका एकत्र येतो. अशा दिवशी रुग्णाने बाहेर पडूच नये, हा माझा स्पष्ट सल्ला आहे. जावेच लागले तर गुडघ्यापर्यंतचे गमबूट घालावेत, घरी आल्यावर पाय साबणाने धुऊन कोरडे करावेत आणि बोटांच्या बेचक्या व तळवे दुसऱ्या माणसाने उजेडात पाहावेत. पाण्यातून चालणे झाले असेल तर डॉक्सिसायक्लिनचे प्रतिबंधक औषध लागेल का, हे डॉक्टरांना त्याच दिवशी विचारावे. रात्री गरम पाण्याची पिशवी पायाशी घेऊ नये. बधिर त्वचा भाजते आणि कळत नाही.

ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक झाला तर "पॅरासिटामॉल घेऊ, उद्या बघू" असे करू नये. स्टेरॉईडने ताप दबलाही जातो, त्यामुळे ताप नसतानाही थंडी वाजणे, श्वास लागणे, गोंधळल्यासारखे बोलणे ही लक्षणे तितकीच गंभीर मानावीत. नाकाची एक बाजू बंद, गालात दुखणे, नाकातून काळसर स्राव ही काळ्या बुरशीची चिन्हे असू शकतात. २०२१ साली कोविडच्या लाटेत स्टेरॉईड आणि मधुमेह एकत्र आल्यावर काय होते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. घरात कुणाला कांजिण्या किंवा नागीण झाली तर रुग्णाला वेगळे ठेवून लगेच कळवावे. उघड्यावरची पाणीपुरी, कापून ठेवलेली फळे आणि बर्फाचा गोळा या काळात बंद. गर्दीच्या वेळी ट्रान्स-हार्बरच्या डब्यात मास्क लावावा.

मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये प्रतिकारयंत्रणा मेंदू आणि मज्जारज्जूतील मायलिनवर हल्ला करते; त्याच्या रुग्णाला ताप किंवा लघवीचा संसर्ग झाला, किंवा मे महिन्याच्या उकाड्यातही, जुना अशक्तपणा तात्पुरता उफाळून येतो. तो नवा हल्ला असेलच असे नाही. आधी लघवी तपासावी आणि स्टेरॉईडचा निर्णय डॉक्टरांवर सोडावा.

सुधारणा मोजायची कशी

"बरे वाटते का?" या प्रश्नाला रुग्ण मनःस्थितीप्रमाणे उत्तर देतो. त्याऐवजी आठवड्यातून एक वार ठरवून, त्याच वेळी, त्याच कृती करून पाहाव्यात: हात न टेकता खुर्चीवरून उठणे, टाचेवर उभे राहणे, सदऱ्याची बटणे लावायला लागणारा वेळ, ताटातून तुरीच्या डाळीचा एकेक दाणा उचलणे, डोळे घट्ट मिटणे, करंगळी बाजूला ताणून धरणे. हे मोबाईलवर तारखेसह चित्रित करावे. तीन महिन्यांपूर्वीचा आणि आजचा व्हिडिओ शेजारी ठेवल्यावर डॉक्टरांना जे कळते, ते पाच मिनिटांच्या ओपीडीत शब्दांनी सांगता येत नाही. नस वाढत असताना मुंग्या आणि सुया टोचल्यासारख्या वेदना कधी कधी वाढतात आणि त्यांची जागा हळूहळू पुढे सरकते. हे बिघाडाचे लक्षण असेलच असे नाही, पण नोंदवून ठेवावे.

फिजिओथेरपी औषधाइतकीच आवश्यक आहे, कारण नस पोहोचेपर्यंत सांधे आखडू न देणे आणि स्नायू हलता ठेवणे तिच्याविना होत नाही. पाऊल लटकत असेल तर स्प्लिंट, म्हणजे पावलाला आधार देणारी पट्टी, लावावा.

गिळताना ठसका लागणे, वाक्य पूर्ण करण्याआधी दम लागणे, काही तासांत अशक्तपणा पायांकडून हातांकडे चढणे किंवा लघवी अडणे, यांपैकी काहीही झाले तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात थेट जावे. रुग्णाच्या पाकिटात आधारकार्डाच्या मागे एक कागद कायम असावा. त्यावर आजाराचे नाव, प्रत्येक औषधाचे नाव आणि आजची मात्रा, "स्टेरॉईड चालू आहे, अचानक बंद करू नये" ही ओळ, ॲलर्जी आणि घरच्या दोघांचे मोबाईल क्रमांक लिहिलेले असावेत. मात्रा बदलली की त्याच दिवशी तो कागद बदलावा.